प्रिन्सेस कट, दोन पगार आणि साखरेचा पुडा



आमच्या थोरल्याचं लग्न ठरलं आणि पुढच्याच शनिवारी तो पुण्याहून घरी आला. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली होती, मी ओटा पुसत होते. तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, अंगठीसाठी थोडं कर्ज काढतोय. तिला प्रिन्सेस कट आवडतो, आणि एक कॅरेट तरी घ्यायलाच हवा. अंगठीला दोन पगार घालायचे असतात."

मी फडकं बाजूला ठेवलं. "असा नियम कुणी केला?"

"कुणी म्हणजे? सगळेच करतात."

सासूबाई आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या. तिथूनच त्यांचा आवाज आला, "आमच्या वेळी साखरपुड्याला साखरेचा पुडा लागायचा. त्यात गोडवा कमी पडला असं कुणी म्हटलं नाही."

तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे की तीन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात आम्ही दोघांनी परिग्रह-परिमाण केलं. सोनं किती, चांदी किती, खड्यांचे दागिने किती, ते वहीत लिहून ठेवलं आहे. या लग्नात सुनेच्या अंगठीसाठी सव्वा लाख रुपये ही आमची मर्यादा होती. मुलगा म्हणाला की वरचे पैसे माझे मी फेडीन. पण मला टोचत होतं ते वेगळंच. दोघांच्या संसाराची पहिली वस्तू हप्त्यावर यायची, आणि तीही एका अशा नियमासाठी की जो कुणी केला हे त्यालाच माहीत नाही.

वीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. 'नियम कुणी केला' हे शोधल्याशिवाय मला झोप लागत नाही. मग दोन आठवडे वाचत बसले. त्यातून जे हाती आलं ते तुमच्यासाठी लिहिते आहे, कारण आपल्या घरांत येत्या मुहूर्तांवर हाच प्रश्न येणार आहे.

आधी त्या दोन पगारांबद्दल. हा नियम कुठल्या शास्त्रात नाही, कुठल्या समाजाच्या रूढीतही नाही. तो जाहिरातीतून आला. १८६७मध्ये दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज नदीच्या परिसरात हिरा सापडला, पाठोपाठ किंबर्लीच्या खाणी सुरू झाल्या आणि दुर्मीळ हिरा ढिगाने निघू लागला. ढिगाने निघालेल्या वस्तूचा भाव पडणारच. तो पडू नये म्हणून खाणी एका हाताखाली आणल्या गेल्या. १८८८मध्ये डी बिअर्स कंपनी उभी राहिली ती त्यातून. पुढे १९३०च्या दशकात जगभर मंदी आली तेव्हा कंपनीने अमेरिकेत एन. डब्ल्यू. एअर या जाहिरात संस्थेला काम दिलं. हिरा म्हणजे कायमचा, या अर्थाचं जगप्रसिद्ध वाक्य याच संस्थेत काम करणाऱ्या फ्रान्सिस गेरेटी या बाईंनी १९४७मध्ये लिहिलं. त्या बाई स्वतः जन्मभर अविवाहित राहिल्या. अंगठीला दोन महिन्यांचा पगार घालावा, ही कल्पना १९८०च्या दशकातल्या जाहिरातींनी पसरवली. म्हणजे तो 'नियम' माझ्या लग्नाच्या आसपासचा. आपला परिग्रह-परिमाणाचा नियम त्याहून किती जुना, ते मी सांगायला नको.

मुलाला हे फोनवर सांगितलं. तो काही वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बरं, कर्ज राहू दे. पण प्रिन्सेस कटच हवा." ते मला पटलं. मुलीची आवड आहे, ती जपायची. मग हा प्रिन्सेस कट म्हणजे काय, ते शोधायला लागले आणि खरी गंमत तिथे सुरू झाली.

हिरा जमिनीतून निघतो तेव्हा त्याचा सगळ्यात देखणा आकार अष्टफलकाचा असतो. दोन चौकोनी पिरॅमिड तळाला तळ लावून चिकटवावेत तसा. सहा टोकं, आठ बाजू, बारा धारा. आपल्याकडच्या रत्नपरीक्षेच्या जुन्या ग्रंथांत उत्तम हिऱ्याची हीच लक्षणं मोजून दिलेली आहेत. हिऱ्याला तिथे शब्द आहे वज्र. आपले पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ भगवान, त्यांचं लांछन वज्र. वज्र म्हणजे इंद्राचं आयुध आणि वज्र म्हणजे हिराही. जे कशानेच फुटत नाही ते, हा दोन्हींतला समान अर्थ.

रत्नपरीक्षेवर लिहिणाऱ्यांत एक मोठं नाव आपल्यातलंच आहे आणि ते आपल्यापैकी फार जणींना माहीत नसावं. ठक्कुर फेरू. श्रीमाळ जैन गृहस्थ, दिल्लीत अल्लाउद्दीन खिलजीच्या खजिन्यात अधिकारी. सुलतानाच्या कोषातली रत्नं त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि १३१५मध्ये 'रयणपरिक्खा' हा ग्रंथ प्राकृतात लिहिला, तोही आपल्या मुलासाठी. रत्नाचे गुण कोणते, दोष कोणते, वजनाप्रमाणे किंमत कशी वाढते, ते सगळं त्यात आहे. सातशे वर्षांपूर्वी एक जैन बाप मुलाला सांगतो आहे की डोळे उघडे ठेवून पारख कर. मला फार बरं वाटलं. मी करत होते ते काही नवीन नव्हतं.

त्या काळात जगाला हिरे पुरवायचा तो मुख्यतः आपला देश. १४७७मध्ये ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बरगंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली, ती युरोपातल्या हिऱ्याच्या वाङ्‌निश्चयाच्या अंगठ्यांतली पहिली नावाजलेली अंगठी असं सांगतात. त्या वेळी युरोपात जे हिरे पोचत ते बहुतेक हिंदुस्थानातून, अरबी समुद्रामार्गे जात. तिकडे अष्टफलकाचं वरचं टोक घासून सपाट करायची रीत होती. त्यामुळे वरून पाहिलं की चौकोन दिसे. म्हणजे चौकोनी हिरा ही नवी फॅशन नाही. हिऱ्याला पैलू पाडायला माणूस शिकला तेव्हा पहिल्या काही आकारांतच चौकोन होता, कारण तो हिऱ्याच्या अंगातच आहे.

आता वजनाची गोष्ट. हिरा फक्त हिऱ्यानेच घासला जातो. जे घासलं जातं त्याची भुकटी होते आणि ते वजन गेलं ते गेलंच. आपले जुने कारागीर म्हणून फार घासत नसत. सतराव्या शतकात ताव्हर्निये नावाचा फ्रेंच व्यापारी गोवळकोंड्याच्या मुलखात, कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणीवर गेला होता. त्याने लिहून ठेवलं आहे की इथले लोक निर्मळ हिऱ्याला त्याच्या मूळच्या बाजूंवर नुसता हात फिरवतात, वजन कमी होऊ देत नाहीत. डाग असेल तर मात्र तो झाकायला त्यावर बारीक बारीक पैलू पाडतात.

युरोपला हे पटेना. त्यांना लखलखाट हवा होता. कोहिनूर १८५१मध्ये लंडनच्या प्रदर्शनात ठेवला तेव्हा लोक निराश झाले, म्हणाले हा चमकतच नाही. पुढच्याच वर्षी तो पुन्हा घासला गेला. सव्वा महिन्यापेक्षा जास्त काम चाललं आणि त्याचं जवळजवळ दोन पंचमांश वजन भुकटीत गेलं. चमक आली, पण हिरा तेवढा उरला नाही.

१९१९मध्ये मार्सेल टॉल्कोव्स्की या तरुण अभियंत्याने गोल हिऱ्याचं गणित मांडलं. कुठल्या कोनात पैलू असले की आत शिरलेला प्रकाश सगळा वरून परत येतो, ते त्याने हिशेबाने दाखवलं. तेव्हापासून गोल हिरा हा राजा झाला. पण चौकोनी अष्टफलकातून गोल काढायचा म्हणजे चारी कोपरे घासून टाकायचे. पोळ्या करताना वाटीने गोल कापलं की कडेचं पीठ उरतं, तसं. फरक इतकाच की ते पीठ आपण पुन्हा मळून घेतो आणि हिऱ्याचं पीठ परत मळता येत नाही. गोल हिरा बनताना कच्च्या दगडाचं साधारण निम्मं, कधी त्याहून जास्त वजन जातं.

मग कारागिरांना प्रश्न पडला. चौकोन ठेवून गोल हिऱ्यासारखी चमक आणता येईल का? चौकोनी हिरे होते, पण त्यांचे पैलू पायऱ्यांसारखे, चमक शांत. १९६१मध्ये लंडनमधल्या अर्पाद नागी या कारागिराने चपट्या दगडांसाठी एक नवा कट काढला आणि व्यापारात त्यालाच पहिल्यांदा प्रिन्सेस म्हणू लागले. १९७१मध्ये जोहान्सबर्गच्या बेसिल वॉटरमेयरने गोल हिऱ्याचे पैलू चौकोनी हिऱ्याच्या पोटात बसवले. त्याने त्या कटाचं नाव ठेवलं बॅरियन. स्वतःचं बेसिल आणि बायकोचं मॅरियन, दोन्ही मिळून. (राजकन्येपेक्षा हे नाव मला जास्त आवडलं.) मग १९८०च्या सुमारास इस्रायली कारागिरांनी तीक्ष्ण चार कोपऱ्यांचा, पूर्ण चमकदार चौकोन बसवला. आज आपण दुकानात प्रिन्सेस कट म्हणतो तो हा. नाव आधीच्या कटाचं, रूप नंतरचं.

याचं गणित फार साधं आहे. अष्टफलक मधोमध, जरा वरच्या अंगाला कापला की दोन पिरॅमिड हाती येतात. प्रत्येकाचा तळ चौकोनी. तोच तळ वर केला की झाला प्रिन्सेस कटचा माथा, आणि पिरॅमिडचं टोक खाली. कोपरे घासून टाकावे लागत नाहीत, म्हणून गोल हिऱ्यापेक्षा बरंच वजन वाचतं. म्हणूनच त्याच वजनाचा, त्याच दर्जाचा चौकोनी हिरा गोल हिऱ्यापेक्षा स्वस्त पडतो. नाव राजकन्येचं असलं तरी हा काटकसरी गृहिणीचा कट आहे. उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करणाऱ्या बाईला तो लगेच कळेल.

यात आपल्या लोकांचाही हात आहे. विसाव्या शतकात पालनपूरची जैन कुटुंबं मुंबईत येऊन मोती आणि हिऱ्यांच्या व्यापारात स्थिरावली, त्यांतली काही पुढे बेल्जियमच्या अँटवर्पला गेली. बाकीचे ज्याला कचरा समजत ते बारीक कच्चे हिरे त्यांनी सुरत-नवसारीकडे आणले, तिथल्या कारागिरांनी त्यांना पैलू पाडले. आज जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेच्या परिसरात. हिऱ्याचा व्यापार आधी ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांत होता, मग २०१०मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स उभं राहिलं. बारीकसारीक काही वाया घालवायचं नाही, ही वृत्ती किती मोठा धंदा उभा करते ते पाहा.

एवढी तयारी करून आम्ही चौघं, मी, हे, मुलगा आणि होणारी सून, कोल्हापूरला गुजरीत गेलो. दुकानात जे उपयोगी पडलं ते नीट सांगते.

हिऱ्याचा कॅरेट आणि सोन्याचा कॅरेट वेगळे. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि त्याचे शंभर सेंट. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता. हिऱ्याच्या अंगठीला बहुधा १८ कॅरेटचं सोनं घेतात, त्यावर ७५० आणि हॉलमार्क बघून घ्यायचा.

प्रिन्सेस कट खोल असतो, वजन पोटात जातं. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद दिसतो, तेवढ्याच वजनाच्या चौकोनाची बाजू साडेपाच मिलिमीटर भरते. म्हणून नुसतं वजन विचारू नका, मिलिमीटर विचारा. नको इतका खोल असेल तर आपण न दिसणाऱ्या वजनाचे पैसे देतो. अर्धा आणि एक कॅरेट या आकड्यांवर भाव उडी मारतो. ४६-४७ सेंटचा हिरा डोळ्याला पन्नास सेंटसारखाच दिसतो, पण खिशाला वेगळा पडतो.

जीआयए या अमेरिकन संस्थेच्या प्रमाणपत्रात गोल हिऱ्याच्या कटाला श्रेणी दिलेली असते. प्रिन्सेसच्या कटाला ती नसते. तिथे आपला डोळा हाच परीक्षक. दुकानातल्या झगझगीत दिव्याखालून बाहेर, उजेडात घेऊन या. मधोमध काळोख दिसतो का, चारी बाजू सारख्या आहेत का, ते पाहा. रंगात 'जी' किंवा 'एच' साध्या डोळ्यांना पांढराच दिसतो, पिवळ्या सोन्यात तर नक्कीच. निर्मळपणात व्हीएस-२ पुरतो. चमकेमुळे बारीक डाग लपतात, ताव्हर्नियेने सांगितलं तसंच. पण डाग कोपऱ्यात असेल तर तो हिरा घेऊ नका. चौकोनाचे चार कोपरे हेच त्याचं नाजूक ठिकाण, तिथे टवका उडतो. पंजे इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचे, कोपरा झाकणारे घ्या. आपले हात दिवसभर कुकर, कढई, नळ यांवर आपटत असतात.

आमच्या मर्यादेत ४७ सेंटचा एक छान हिरा बसत होता. मी मनात त्याला घरी आणूनही टाकलं होतं. इतक्यात दुकानदाराने दुसरा ट्रे काढला. प्रयोगशाळेत तयार केलेले हिरे. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने माणसाने बनवलेला हिरा १९५५मध्ये जाहीर केला, तेव्हापासून हे तंत्र सुधारत गेलं आणि आता सुरतेतही असे हिरे तयार होतात. पदार्थ तोच, कार्बन. किंमत कितीतरी कमी. आमच्या सव्वा लाखात एक कॅरेट तर सहज आला असता. मुलाचे डोळे चमकले.

आणि माझ्या तोंडून पटकन निघालं, "नको नको. खाणीतलाच घेऊ. नातेवाइकांनी विचारलं तर काय सांगायचं?"

मुलगा माझ्याकडे बघून हसला. "आई, असा नियम कुणी केला?"

मैत्रिणींनो, मी गप्पच झाले. दोन आठवडे मी जाहिरातीच्या नियमाचा इतिहास शोधत होते आणि माझ्या आतला नियम मला दिसलाच नव्हता. हिऱ्यात पैसे अडकतात म्हणून तो खरा, असं म्हणावं तर तेही खरं नाही. मुलांच्या फीसाठी मी एकदा सात खड्यांची कुड्यांची जोडी मोडली होती. सराफाने सोनं तोललं आणि खड्यांचे जे पैसे सांगितले ते ऐकून रस्त्यात डोळ्यांत पाणी आलं होतं. तरी मला खाणीतलाच हवा होता, कारण चार लोकांत सांगायचं होतं. वहीत मर्यादा लिहिली होती ती रुपयांची. या हौसेची लिहायची राहून गेली होती.

मुलगी आत्तापर्यंत फारसं बोलली नव्हती. ती हळूच म्हणाली, "मम्मी, फोडीकर्म आपण कर्मादानात मोजतो ना? जमीन खोदायचं?" तिचं बरोबर होतं. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात श्रावकाने टाळायचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत, त्यांत भूमी फोडण्याचा व्यवसाय आहे. तो उपदेश धंद्याबद्दल आहे, विकत घेण्याबद्दल नाही, आणि प्रयोगशाळेतल्या हिऱ्यालाही वीज भरपूर लागते, हेही मी तिला सांगितलं. पूर्ण निर्दोष काहीच नाही. कमी काय, एवढंच आपण बघू शकतो. ज्या घरात खाणीतला हिरा घेतील त्यांना मी नावं ठेवणार नाही. आपले कितीतरी भाऊबंद त्या व्यापारात सचोटीने आहेत. विकणाऱ्याने हिरा कुठला ते प्रमाणपत्रावर स्पष्ट लिहून द्यावं आणि घेणाऱ्याने घरात ते लपवू नये, एवढं पुरे.

एक कॅरेटचा हिरा तिने बोटावर ठेवून पाहिला आणि परत दिला. म्हणाली, "कणीक मळताना अडकेल." अर्ध्या कॅरेटचा घेतला. चारी बाजू सारख्या, कोपरे स्वच्छ, पंजे व्हीचे. सोन्यासकट अंगठी पन्नास हजारांच्या आत झाली. उरलेले पैसे मर्यादेतच होते, पण मर्यादा असते म्हणून ती भरलीच पाहिजे असं थोडंच आहे?

साखरपुड्याच्या दिवशी माझ्या नणंदेने हात हातात घेऊन विचारलंच, "खरा का गं?" सुनेने सरळ सांगितलं, "प्रयोगशाळेतला आहे, आत्या." नणंद क्षणभर थांबली, मग म्हणाली, "चमक मात्र छान आहे हो." मला वाटली होती तेवढी लाज वाटली नाही.

सासूबाईंनी तिच्या ओटीत साखरेचा पुडा घातला. त्यांनी तो स्वतः बांधला होता, जुन्या पद्धतीने, कागदाची चौकोनी घडी घालून.

जय जिनेंद्र.